सवय लागेल

रामटेक, १९८६

चि. शालिक यास आशीर्वाद.

काल धरमपेठेत तुझं व्याख्यान मागच्या खुर्चीवरून ऐकलं. 'कर्करोगाच्या शेवटच्या दिवसांत मॉर्फिन द्या, सवयीला भिऊ नका. हे मी दहा वर्षांपूर्वीच शिकलो,' असं म्हणालास. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

तुझी काकू पंचफुला त्याच कर्करोगानं जाऊन तर चारच वर्षं झाली. 'शालिक, सुई दे न गा,' म्हणून ती विव्हळायची, अन् तू मले अंगणात नेऊन म्हणालास, 'काका, सवय लागेल.' महिनाभराच्या पाहुणीले कसली गा सवय?

लहानपणी तुझा कान ठणकला की ती लसणाचं तेल कोमट करून घालायची. सवयीचं कधी बोलली नाही.

हे पत्र टपालपेटीत टाकणार नाही. पण तुझा काका म्हणवून घ्यायची सवय सुटत नाही, म्हणून खाली तसंच लिहितो.

तुझा काका,
रामाजी