पुढच्या चाकाचे चार बोल्ट

६ एप्रिल, गुरुवार

वॉनीने आज लाइलची गाडी माझ्या गॅरेजात आणून टाकली. विचारलं नाही, फोन नाही! शेजाऱ्याचा ट्रेलर मागे लावून बाई सरळ दारात. माझा भाऊ लाइल, तिचा नवरा, जाऊन सात महिने झाले. तेवढे सात महिने ती मोटरसायकल तिच्या शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली पडून होती आणि मी शेडकडे बघायचंही टाळत होतो.

म्हणाली, "मेच्या पहिल्या रविवारी चर्चच्या आवारात पाद्री मोटरसायकलींना आशीर्वाद देतील. वर्षात गेलेल्यांसाठी घंटा वाजते, यंदा लाइलच्या नावाने वाजणार. त्याची गाडी सगळ्यांच्या पुढे पाहिजे, ओरिन. आणि तिच्यावर तू पाहिजेस."

म्हटलं, हँडल वाकलंय, टाकीला पोचा आहे, दुकानात दे, ते लोक नीट करतील.

"दुकानात? त्या गाडीला आजवर तुम्हा दोघांशिवाय कुणाचा हात लागलाय का? लाइल कबरीतून उठून येईल माझं डोकं खायला!"

हसली. मीही हसलो. नाही म्हणायला तोंड उघडलंच नाही.

८ एप्रिल, शनिवार

ताडपत्री काढली. परत घातली.

९ एप्रिल, ईस्टर

वॉनीने हॅम पाठवलं. गॅरेजात गेलो नाही.

१२ एप्रिल, बुधवार

सुरुवात केली एकदाची. बॅटरी मेलेली, ती चार्जिंगला लावली. टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं – व्हार्निशसारखा वास मारत होतं. नवं हँडल डेलच्या दुकानातून आणलं. डेल सुटे भाग विकतो आणि फुकटचे सल्ले देतो. म्हणाला, "हिवाळा काढलेली गाडी, ऑइल आधी बदल." मला शिकवतो! पेपर मिलमध्ये चौतीस वर्षं मशिनं सांभाळली मी.

मग ऑइल सोडायला बसलो. खालचा नट काढला आणि हात थांबला. ऑइल मधासारखं स्वच्छ. असणारच. लाइल गेला त्या शनिवारी सकाळी मीच ओतलं होतं ते. इथेच, या स्टुलावर बसून. माझ्या घरापासून लाइलच्या घरापर्यंत सात मैल, आणि तिथून पेट्रोल पंपाच्या वाटेवर चार. अकरा मैल चाललं ते ऑइल.

डबा भरला. जुन्या ऑइलचा मोठा डबा कोपऱ्यात आहे, त्यात ओतायचं असतं. ओतवेना. काचेच्या बरणीत भरून फळीवर ठेवलं. मूर्खपणा आहे, कळतं मला.

१५ एप्रिल, शनिवार

स्पार्क प्लग काढले. दोन्ही छान, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे. एअर फिल्टर झटकला. चेन रॉकेलने धुतली, वंगण दिलं, ताण बघितला. मागचा ब्रेक उघडून साफ केला. मागचं सगळं झालं.

पुढे हात लावला नाही. पुढचं चाक खंदकातल्या चिखलाने लिंपलंय, तो वाळून दगड झालाय. तो धुवायचाय. धुतो म्हणतो आणि धुवत नाही.

इथे कोण वाचतंय? लिहूनच टाकतो. मला पुढच्या चाकाची भीती वाटते.

त्या शनिवारी लाइलचा पुढचा टायर मी बदलला. नवा टायर बसवला, आठवतं. चाक चढवलं, आठवतं. चाकाच्या मधल्या दांड्याचा मोठा नट लांब पान्याने अंगाचा भार घालून आवळला, तेही आठवतं. पण दांड्याला दोन्ही बाजूंनी चिमटून धरणारे चार बोल्ट असतात, ते ताणले की नाही, हे आठवत नाही. तिथे सगळं पुसलेलं आहे. लाइल बाजूला उभा राहून बडबडत होता एवढंच ऐकू येतं. "आटप रे म्हाताऱ्या, चार वाजता माणसं यायचीत जेवायला." माझ्याहून चार वर्षांनीच तर लहान होता!

शेरीफ म्हणाला, वळणावर खडी होती. सगळे म्हणाले, खडी. मीही म्हणालो, खडीच. पण चाळीस वर्षं गाडी चालवणारा माणूस, स्वतःच्या गावातलं वळण, भर दुपार. खडी त्याने कधी बघितली नव्हती?

१६ एप्रिल, रविवार

वॉनी येऊन बघून गेली. रूबार्बच्या वड्या आणल्या होत्या. गाडीभोवती फिरली, नव्या हँडलवर हात फिरवला. मग विचारलं, "पुढचं काढलंस का उघडून?"

म्हटलं, अजून नाही.

"सगळं उघडून बघ हं. नीट बघ आणि मला सांग."

किती विश्वास! तिच्या तोंडाकडे बघवलं नाही मला.

२० एप्रिल, गुरुवार

धुतलं! गरम पाणी, ब्रश, साबण. गुडघे गारठले फरशीवर, बाहेर अजून बर्फाचे ढीग आहेत. चिखल निघाला आणि – रेघा आहेत! चारही बोल्टांवर! पिवळ्या, सरळ, बोल्टाच्या डोक्यावरून खाली चाक धरणाऱ्या फोर्कवर उतरलेल्या. कुठेच तुटलेल्या नाहीत!

माझी रीतच आहे ही. बोल्ट टॉर्क पान्याने ताणायचा, हवा तेवढा ताण बसून पाना कट् वाजला की पिवळ्या पेनने रेघ ओढायची. बोल्ट हलला तर रेघ तुटते, लांबूनही दिसतं. ताणल्याशिवाय रेघ नाही. लाइलला मीच शिकवलं, तो सोळाचा असताना. रेघ आहे म्हणजे ताणलेत. ताणलेत! मी ताणले होते!

फरशीवरच बसून रडलो. मोठ्याने. सहासष्ट वर्षांचा घोडा, साबणाच्या पाण्यात बसून रडतोय. मग वॉनीला फोन लावला आणि सांगितलं काय, तर हवा छान पडलीय. "हवा? ओरिन, बाहेर गारा पडतायत. घेतलीयस का तू?" पुढच्या चाकाचं सांगायला गेलो तर हुंदका येईल असं वाटलं. समोरासमोर सांगेन, शनिवारी ती येणारच आहे.

रात्री पोटभर जेवलो. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

२२ एप्रिल, शनिवार

वॉनी आली. मी दारातच सांगणार होतो. तिच्या हातात माझा टॉर्क पाना.

"हा तुझा ना? लाइलच्या पेटीत होता. जुलैत नेला होता त्याने. तेव्हाच दे म्हणत होते मी."

जुलैत. जुलैपासून पाना त्याच्याकडे होता. मग सप्टेंबरात मी कशाने ताणले?

आठवलं. उभ्या उभ्या सगळं आठवलं. मी पाना मागितला, तो म्हणाला, घरी राहिला. मी चिडलो. "नेलेली वस्तू परत द्यायची असते एवढं बापाने तुला शिकवलं नाही का?" तो म्हणाला, "बापाने शिकवलं, पण बापाची करवत अजून तुझ्याकडेच आहे!" आणि आम्ही दोघं हसत सुटलो. माझ्या हातात पिवळं पेन उघडं होतं. म्हटलं, शाई वाळेल, रेघा मारून घेऊ, हा घरी जाऊन ताणेल. बोल्ट बोटांनी फिरवून बसवले आणि चारही रेघा मारल्या. घरी गेल्यावर पुढचे ताण, हे त्याला सांगायचं होतं.

सांगितलं नाही. हसण्यात राहून गेलं.

वॉनी विचारत होती, बरं वाटत नाही का तुला? पुढचं बघितलंस का? म्हटलं, अजून नाही. तिचा चेहरा उतरला. पाना टेबलावर ठेवून गेली.

२३ एप्रिल, रविवार

बोट लावलं. पहिला बोल्ट बोटाने फिरला. दुसराही. तिसरा. चौथा. लहान मुलालाही फिरवता आला असता.

२४ एप्रिल, सोमवार

काही नाही.

२७ एप्रिल, गुरुवार

डेलला विचारलं, असंच, दुसऱ्या कुणाचं म्हणून. मोठा नट घट्ट असेल आणि ते चार ढिले असतील, तर गाडी पडेल का?

"पडेलही, नाहीही पडणार. सरळ रस्त्यावर कळणार नाही. वळणात पुढचं वळवळेल, त्यात खाली खडी आली तर... कोण सांगणार? कुणाची गाडी?"

म्हटलं, कुणाची नाही.

म्हणजे मरेपर्यंत कळणार नाही मला. खडी की मी. शिक्षा तरी नीट लागावी माणसाला! मेल्या ओरिन, एक वाक्य सांगायचं होतं तुला. चार शब्द.

१ मे, सोमवार

आज ताणले. चारही. कट्. कट्. कट्. कट्. रेघा नव्याने मारल्या नाहीत.

गाडी एका बटणात चालू झाली. गोड चालते. आवाज ऐकून वाटलं, लाइल आत येईल आणि म्हणेल, बाजूला हो, मला बसू दे. दोन मिनिटांत बंद केली.

आता बोल्ट घट्ट आहेत. कुणी बघितलं नाही. रविवारी पुढे बसायचं, घंटा वाजली की मान खाली घालायची, वॉनी खांद्यावर हात ठेवेल, संपलं. ढिले होते हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे आणि तो एकटा काही बोलणार नाही. किती सोपं आहे!

४ मे, गुरुवार

वॉनीचा फोन. पुन्हा तेच. "पुढचं झालं का रे? कसं होतं?"

म्हटलं, झालं, गाडी तयार आहे.

"नाही, म्हणजे उघडलंस तेव्हा कसं होतं?"

म्हटलं, दारात कुणीतरी आलंय, नंतर बोलतो. खोटं. माझ्याकडे कोण येतंय? बायको गेली त्याला पंचवीस वर्षं झाली, आणि एक भाऊ होता.

ही बाई मला एवढं का विचारते? बिचारीला गाडी सुरक्षित हवी, मी पडू नये म्हणून. माझी काळजी करते! हे जास्त लागतं.

६ मे, शनिवार

नाही होणार माझ्याने. तिच्या नवऱ्याच्या गाडीवर बसून, तिच्यासमोर, सगळ्या गावासमोर मिरवायचं? पाद्री त्या चाकावर पाणी शिंपडणार आणि मी तोंड मिटून बसणार? लाइलला मी कितीही छळलं असेल, खोटं कधी बोललो नाही त्याच्याशी. त्याच्या बायकोशीही बोलणार नाही.

सांगायचं. तिने हाकललं तर हाकललं. थुंकली तर थुंकली. सकाळी, चर्चच्या आधी.

७ मे, रविवार

सहा वाजता गेलो. तिने कॉफी ओतली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं – रेघा आधी मारल्या, पाना नव्हता, सांगायला विसरलो, चारही ढिले निघाले. सगळं.

ती रडली नाही. ओरडली नाही. कप हातात तसाच. मग हळू म्हणाली, "मला ठाऊक होतं. घरी आल्या आल्या त्याने बोट लावून बघितलं. हसला. म्हणाला, म्हातारा विसरला, पाना काढतो आणि ताणतो. मी म्हटलं, आधी पंपावरून बर्फ आणून दे, माणसं येतायत. बोल्ट काय पळून जातात!"

मग म्हणाली, "एकच बोल्ट बघितला होता त्याने. मला वाटायचं, बाकीचे घट्ट असतील. किंवा बर्फाला जाण्याआधी माझं न ऐकता त्याने ताणले असतील. तू उघडशील आणि सांगशील. म्हणून तर गाडी तुझ्याकडे आणली, ओरिन."

आठ महिने ती एवढंच ऐकायला थांबली होती. घट्ट होते, वॉनी – एवढंच. आणि मी खरं सांगून आलो.