बांधावर सोडलेली खुर्ची

झुत्फेन, सोमवार, १३ ऑक्टोबर

हार्मन,

तू बरा असशील, मी नाही. आजारी बापाची चाकाची खुर्ची नदीच्या बांधाच्या चढावर सोडून कुणी निघून जातं का रे? ब्रेक तरी लावायचास! फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. माझं लिहिणं कसलं ते तुला ठाऊक आहे, हसायचं तर हस.

तू ताडताड डेव्हेंटरकडे परत गेलास. पुढं झुत्फेनपर्यंत मी एकटीने ढकललं. मेंढ्या अडवायला वाटेत लोखंडी दांड्या टाकल्यात ना, त्यांत चाकं अडकली. बाबा म्हणाले, “डीनी, मला इथेच ठेव. मेंढ्यांना राखण होईल.”

मी म्हटलं, “गप्प बसा. मेंढ्यांनी काय पाप केलंय?”

हसले. हसताना दुखलं, मग डोळे पुसले. शेवटी कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईने हात लावला. परकी बाई, हार्मन.

नदी मात्र छान होती. आई गेल्यापासून दर पानगळीत आपण तिघं हीच वाट चालतो, रमतगमत, भांडत. बाबांना ती शेवटची एकदा बघायची होती, म्हणून तर शनिवारी निघालो. वाटेत गोर्सेलला बाकावर कॉफी पिताना त्यांनी तुला आपला जायचा दिवस सांगितला. येता शुक्रवार. डॉक्टर घरी येऊन शेवटची सुई देणार, कायद्याला लागतं तसं दुसऱ्या डॉक्टरनेही तपासून हो म्हटलंय. तू काय म्हणालास? “देवाने दिलं, देवच नेईल. मी खुनाला हजर राहणार नाही.” बापाच्या तोंडावर!

ते एवढंच म्हणाले, “देवाला उशीर होतोय रे, पोरा.”

आणि बांध चढताना तू हात काढलास.

आता नीट ऐक. काल ते मला म्हणाले, “हार्मन आल्याशिवाय डॉक्टरला आत घेऊ नकोस. येणार नसेल तर तसं त्याने सांगावं, मी त्याच्याशिवाय जाईन. पण तो गप्प राहिला तर मी थांबेन.”

ऐकून मला काय वाटलं सांगू? वाटलं, तू गप्पच राहावंस. तेवढाच बाप राहील. म्हणून हे पत्र लिहायचंच नव्हतं. मग आज सकाळी त्यांना कुशीवर वळवलं. कॅन्सर हाडांत गेलाय रे सगळा. ते ओरडले. आपला बाप, जो दात उपटतानाही ओरडला नव्हता.

प्रार्थना करायची तर ये, उशाशी बसून कर. ते अडवणार नाहीत. डॉक्टर आला की बाहेर जाऊन उभा राहा, मी काही बोलणार नाही. यायचंच नसेल तर नाही म्हण. पण म्हण.

शेजारीण तुमच्याकडे कामाला येते, तिच्या हाती पत्र देतेय. बुधवारी संध्याकाळपर्यंत मला हो किंवा नाही पाहिजे. काहीच आलं नाही तर तू नाही म्हणालास, असं मी त्यांना सांगणार. खोटं बोलेन, पण त्यांना थांबवून ठेवणार नाही.

अजून तरी तुझी बहीण,
डीनी