न कापलेला कोपरा

गुरुवार, ९ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नमस्कार. तुला आता झोप लागते का? भावजी जेवतात ना वेळेवर?

तुझ्या चिमीच्या क्षयाचे जंतू काकूच्या जंतूंशी जुळले, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक होतं.

जंतूंच्या डीएनएचे पट्टे आम्ही प्रयोगशाळेत पातळ पडद्यावर उमटवतो. दोघांचे पट्टे सारखे आले, तर लागण एकाच साखळीतली. पडदा उलटसुलट होऊ नये म्हणून आधी त्याचा एक कोपरा कापायचा असतो. मी कापला नाही. पडदा पालथा पडला आणि काकूची म्हणून कडेपासूनची दुसरी रांग मी भलत्याच बाजूने मोजली.

सगळं पुन्हा केलं, कोपरा कापून. काकूचे पट्टे वेगळेच आहेत. चिमीला तिने काही दिलं नाही. तू तिला दारातून परत पाठवलंस, पोरीचं तोंडही बघू दिलं नाहीस, ते माझ्या शब्दावर.

प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंना दाखवलं. म्हणाल्या, "रड नंतर. आधी घरच्यांना सांग."

दुसऱ्या बाजूची रांग कुणाची, हे लिहायचं मी टाळते आहे.

चिमी तुझ्याकडे परत यायच्या आधी कुणाच्या मांडीवर बसून अक्षरं गिरवायची? आपणही तिथेच शिकलो. खोकल्याचं विचारलं की आबा म्हणतात, "मला काय धाड भरलीय? तंबाखू बोलतोय, मी नाही." तपासणीचा निकाल घ्यायला दवाखान्याने बोलावलं, तरी गेले नाहीत. त्यांचे आणि चिमीचे पट्टे हुबेहूब आहेत. एवढ्या लहान मुलाकडून मोठ्यांना सहसा लागत नाही, ताई. उलटच होतं.

औषधाने आबा बरे होतील. पण नातीचं कळल्यावर ते औषध घेतील का? मला तीच धास्ती आहे. म्हणून त्यांच्याशी अजून बोलले नाही. त्यांच्या शिकवणीला उद्यापर्यंत सुट्टी आहे. परवा मुलं येतील आणि खिडक्या लावलेल्या खोलीत आबांना खेटून बसतील.

चूक दिसली की ती झाकायला हात पुढे करू नये, तोंड उघडावं, हे आबांनीच शिकवलं.

काकूकडे आज संध्याकाळी जाते. तुझा निरोप सांगू का, विचारायलाही वेळ नाही. माझ्यापुरती माफी मागेन.

आबांना सकाळच्या चहानंतर सांगणार. उद्या, शुक्रवारी, दहा तारखेला.

जिच्या शब्दावर तू दार लावलंस ती,
तुझी धाकटी