आमच्या गावचा स्ताथिस

मावरोलिथी,
१९ ऑक्टोबर

चि. मिल्तोस यास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझा फोन तीनदा वाजला आणि तीनदा मी तो वाजू दिला. फोनवर तू एकदा सुरू झालास की मला हो हो म्हणण्यापलीकडे काही काम उरत नाही. पत्रात निदान तुला माझं बोलणं मधेच तोडता येत नाही.

आधी बरं ते सांगते. गुडघा ठीक आहे. ऑलिव्ह यंदा असे लगडलेत की फांद्या टेकायला आल्यात. घाण्याचा मालक आत्तापासून दात विचकून हसतोय. नव्या तेलात भाजलेला पाव बुडवून खायला तू येणार आहेस का, असं स्ताथिसची आई मिरेला विचारत होती. तिला काय सांगू ते कळव.

आता गुरुवारचं. सगळं गाव तुझा कार्यक्रम बघायला कॉफीच्या दुकानात टीव्हीसमोर बसलं होतं. परदेशी मजूर येईनासे झाले, होते तेही जर्मनीला चालले, यावर तुमची हमरीतुमरी. एक जण म्हणत होता हॉटेलं ओस पडतील, टोमॅटो शेतातच सडतील. तू म्हणालास की उलट ही आनंदाची बातमी आहे, मजुरी वाढेल, आपली पोरं गावाकडे परततील. आणि दाखला कुणाचा दिलास? तर माझ्या बहिणीच्या बागेत स्ताथिस नावाचा आमच्या गावचाच मुलगा राबतो आहे, त्याच्यासारखे हजारो येतील!

अरे, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? स्ताथिस परतला कुठून? तो गेला कधी होता? अल्बानियाहून डोंगर तुडवत आलेल्या अग्रॉनचा तो मुलगा. जे कमी झाले म्हणून तू टाळ्या पिटत होतास, त्यांच्यातल्याच एकाचं पोर. आणि त्याचा बाप्तिस्मा तर तूच केलास ना? तुला ना मला मूलबाळ, म्हणून बाबांचं नाव तूच त्याला दिलंस. चर्चमधून पोरं धावत बाहेर आली आणि रीतीप्रमाणे दारात थांबलेल्या मिरेलाला नाव सांगितलं, तेव्हा ती आणि मी गळ्यात पडून रडलो होतो. विसरलास?

दुकानात हशा पिकला. अग्रॉनही हसला. म्हणाला, आम्ही गेलो म्हणून पोरगा आला असं मिल्तोसभाऊ म्हणतात, मग रोज झाडाखाली असतो तो कोण, माझं भूत का? पण नंतर दोन दिवस तो ताट अर्धं टाकून उठत होता. स्ताथिसला मात्र काय आनंद! नोनोंनी टीव्हीवर माझं नाव घेतलं, असं सांगत गावभर फिरला. धर्मबापाचं एवढं कौतुक असलेलं पोर मी दुसरं पाहिलं नाही.

त्याला मागच्या वर्षी आपलं ग्रीक नागरिकत्व मिळालं. ब्रेमेनचा चुलतभाऊ रोज बोलावतोय आणि अग्रॉनही जा म्हणतो. पोरगा हटून बसलाय. त्याला आपली बाग कसायला हवी आहे, स्वतःच्या हिमतीवर तेल विकायचं आहे. माझा अर्धा हिस्सा मी देऊन बसले, तुझ्या होकाराची तो वाट बघतोय. तो राहिला तर अग्रॉन आणि मिरेला राहतील. तो गेला तर तेही जातील, आणि मग या वयात मी काय झाडांवर चढू?

तेव्हा येत्या कार्यक्रमात सरळ सांगून टाक, की स्ताथिस अग्रॉनचा मुलगा आहे आणि माझा धर्मपुत्र आहे. एका वाक्याचं काम. त्याला बागेहून जास्त तेच हवं आहे.

खोकल्याचं औषध घे. आणि माझ्या रागासकट माझ्यावर माया ठेव.

तुझी
गारिफालियाताई

*

अथेन्स,
२६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचताना तू समोर उभं राहून कान पिळते आहेस असंच वाटलं. अजून दुखतोय.

चूक झाली, कबूल. पण ताई, टीव्हीवर बोलायला दीड मिनिट मिळतं, त्यातलं अर्धं समोरचा ओरडण्यात घालवतो. मला त्या क्षणी स्ताथिस आठवला. तो आमच्या गावचा आहे असं मी म्हणालो ते खोटं होतं का? तूच सांग. मला तो कधी परका वाटलाच नाही, म्हणून तर जीभ घसरली.

बाकी माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. इतकी वर्षं स्वस्त हात मिळत गेले म्हणून कुणी मजुरी वाढवली नाही, म्हणूनच माझ्या वर्गातली निम्मी पोरं अथेन्सला पळाली. मीही त्यांतलाच. अग्रॉनविरुद्ध माझं काही नाही. अग्रॉन म्हणजे घरचा माणूस. मी बोलतो ते आकड्यांबद्दल.

सहा नोव्हेंबरला पुन्हा बोलावलं आहे. तेव्हा तू म्हणतेस ते अगदी तुझ्याच शब्दांत सांगतो. सगळ्यांना टीव्हीसमोर बसव. मिरेलाला म्हणावं, नव्या तेलाला मी येतोच, पाव जास्त भाजून ठेव. बागेचंही तेव्हाच बोलू, माझा होकारच समज.

खोकला गेला. तुझा लोभ मात्र जाऊ देऊ नकोस.

तुझा
मिल्तोस

*

मावरोलिथी,
९ नोव्हेंबर

मिल्तोस,

आशीर्वाद लिहायला घेतला होता. हात चालला नाही.

तू सांगितलंस म्हणून मी सगळ्यांना बसवलं. माझ्याच स्वयंपाकघरात. मिरेला चर्चला जायचे कपडे घालून आली होती, पालकाची पोळी भाजून आणली होती. अग्रॉनने दाढी केली होती. स्ताथिसने टीव्हीचा आवाज एवढा वाढवला की शेजारीण खिडकीशी येऊन उभी राहिली.

मग हॉटेलवाल्यांच्या संघटनेच्या त्या बाईंनी तुला विचारलं, की तुमच्या गावचा तो स्ताथिस अल्बानियन मजुराचा मुलगा आहे हे खरं का, आणि तो तुमचा कोण. मी टेबलावर थाप मारली. म्हटलं, आता बोल माझ्या राजा! आयतं ताट समोर आलं होतं.

आणि तू चष्मा सारखा करून म्हणालास की बहिणीकडे कामाला कुणी असेल, आपण त्याला व्यक्तिशः ओळखत नाही. घरून मिळालेली माहिती चुकीची निघाली.

घरून म्हणजे माझ्याकडून! मी खोटारडी, तो कुणी नाही, आणि तू तेवढा स्वच्छ. वा रे भाऊ!

टीव्ही कुणी बंद केला नाही. मिरेला ताटं गोळा करायला लागली. कुणी घासही खाल्ला नव्हता. आणि स्ताथिस काय म्हणाला ऐक. म्हणाला, नोनोंना नाव नीट ऐकू आलं नसेल, तिथे फार गलका असतो. तुझी बाजू घेत होता रे! अग्रॉन त्याला त्यांच्या भाषेत एकच काहीतरी बोलला आणि पोरगा उठून आईला ताटं उचलू लागला. काय ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठे होतं मला?

दर ईस्टरला नवे बूट आणि मेणबत्ती घेऊन तू यायचास. ते बूट घालून तो दिवसभर पायांकडे बघत चालायचा. ज्याला ओळखत नाहीस त्याच्या पायाचं माप तुला दरवर्षी कसं कळायचं, तेवढं सांग.

दुसऱ्या दिवशी अग्रॉन कामावर आला तो टोपी काढून दारातच उभा राहिला. इतकी वर्षं मला ताई म्हणतो. परवा मालकीणबाई म्हणाला. मालकीणबाई, पोरगा मंगळवारी ब्रेमेनला जातोय, आम्हीही त्याच्या मागोमाग निघतो. मी रडले, भांडले, पाया पडायची तेवढी राहिले. तो म्हणाला की अनोळखी माणसाच्या बागेत राबायचं तर जिथे चार पैसे जास्त मिळतात तिथे राबू.

आज तो एकटा झाडाखाली ऑलिव्ह झेलायच्या जाळ्या अंथरतो आहे. ते तोडायला तो थांबणार नाही हे ठरलंय. पण झाडांखाली जाळी न अंथरता जाणं त्याला जमत नाही.

तू पाठीत सुरा खुपसलास, मिल्तोस, तोही गोड आवाजात. माया ठेव असं लिहायची रीत आहे. आधी ओळख ठेवायला शीक.

गारिफालिया

*

अथेन्स,
२१ नोव्हेंबर

ती. ताई,
साष्टांग नमस्कार.

तू लिहिलंस त्यातला एकही शब्द मला खोडता येत नाही. दिवे डोळ्यांवर होते, सगळे माझ्याकडे बघत होते. धर्मपुत्र म्हटलं असतं तर सारा स्टुडिओ हसला असता, की घरात अल्बानियन आणि तोंडात ही भाषा! एका क्षणाचा भित्रेपणा. तोंडातून शब्द गेला आणि मला जीभ हासडावीशी वाटली. बाबा असते तर त्यांनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

मी हातावर हात ठेवून बसलेलो नाही. कालामाता शहराच्या रेडिओवर जाहिरात दिली आहे, दुप्पट मजुरी देऊ म्हणून. पैसे माझे. माणसं येतील, बघ.

आणखी एक. बाप्तिस्म्याचा फोटो कुणीतरी वर्तमानपत्राला दिला आहे, धर्मपुत्राला नाकारणारा धर्मबाप म्हणून माझी छी-थू चालली आहे. चॅनेलचं म्हणणं आहे की स्ताथिसला कार्यक्रमात आणावं. मी सगळ्या देशासमोर त्याची माफी मागेन, त्याला जवळ घेईन, आणि विषय मिटेल. विमानाचं तिकीट तेच देणार आहेत. ताई, तो तुझं ऐकतो. एवढं माझ्यासाठी कर. उशीर झाला तर लोकांचं लक्ष दुसरीकडे जाईल.

तुझ्या दारी उभा असलेला, आत घेशील अशी आशा धरून,

मिल्तोस

*

मावरोलिथी,
१४ डिसेंबर

मिल्तोस,

तुझी जाहिरात ऐकून चौघं आली. एकाने बाग कुठवर आहे ते बघितलं आणि कॉफी पिऊन गेला. दुसऱ्याची कंबर पहिल्याच झाडाला धरली. दोघी बहिणी मात्र खमक्या होत्या, घाम गाळला त्यांनी. पण चार हातांनी एवढी बाग होते का? तुझं मजुरी वाढायचं भाकीत खरं ठरलं, तेवढं मी मान्य करते. हात वाढायचे तेवढे राहिले.

बाकीचे ऑलिव्ह पिकून जाळ्यांवर गळले आणि तिथेच आंबले. गावात सगळ्यांची तीच गत. घाणा आठवड्यातून दोन दिवस चालायचा, परवा मालकाने तोही थांबवला. पुढच्या वर्षी उघडेन की नाही सांगता येत नाही म्हणतो. अग्रॉन आणि मिरेलाच्या घराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे देऊन गेले, आणि जाताना मिरेलाने माझं स्वयंपाकघर झाडून दिलं.

स्ताथिसला तुझं पत्र फोनवर वाचून दाखवलं, शेवटच्या वाक्यासकट. उशीर झाला तर लोकांचं लक्ष दुसरीकडे जाईल! माफी मागतानाही तुला कॅमेरा लागतो. तो ऐकून घेऊन म्हणाला, उत्तर मी लिहितो.

नाताळला येऊ नकोस असं लिहायला मन होत नाही. ये असंही लिहीत नाही.

गारिफालिया

*

ब्रेमेन,
१९ डिसेंबर

रा. रा. मिल्तोस यांना,
सा. न. वि. वि.

फालियामावशीने आपलं पत्र वाचून दाखवलं. आपण माझी आठवण काढलीत, आभारी आहे. कार्यक्रमाला येणं जमणार नाही. नोकरी नवी आहे, लगेच सुट्टी मागता येत नाही.

मी इथे एका गोदामात खोकी रचतो. आई हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात लागली आहे. बाबांना अजून थंडी सोसत नाही. आपल्याकडचं नागरिकत्व होतं म्हणून माझी कागदपत्रं एका आठवड्यात झाली. इतकी वर्षं ज्यासाठी रांगा लावल्या, ते देश सोडायला कामी आलं. बाबा यावर खूप हसतात.

इथेही टीव्हीवर रोज तुमच्यासारखीच माणसं बसतात. बाहेरचे कमी आले तर कारखाने चालतील का, आणि जास्त आले तर काय होईल, यावर भांडतात. मला भाषा अजून कळत नाही, त्यामुळे जेवण नीट जातं. कामावर सगळे मला ग्रीक म्हणतात. गावात असताना कुणी म्हणत नव्हतं.

बागेविषयी आपण काळजी करू नये. मला ती आता नको आहे. हे रागाने लिहीत नाही. राग होता, येताना बसमध्ये सगळा रस्ता होता. आता नुसतं दुखतं.

काल जेवणाच्या सुट्टीत आपल्याकडच्या थेस्सालोनिकीचा एक जण मोबाईलवर आपला कार्यक्रम बघत होता. आपण म्हणत होतात की देशाची तरुण मुलं बाहेर चालली आहेत, ती आपलीच लेकरं आहेत, त्यांना परत आणायला हवं. त्या लेकरांत या खेपेला मीही मोजला गेलो असेन. त्याने मला विचारलं की हा माणूस कोण, तुझ्याच भागातला दिसतोय, तू ओळखतोस का.

मला नाही म्हणायचं होतं. ओळखत नाही, एवढंच. मनात चार वेळा म्हणून पाहिलं, पण तोंडातून निघेना. मी म्हणालो की हे माझे नोनो. तो चकित झाला, म्हणाला, मग लाव की फोन, एवढा मोठा माणूस घरचा असताना तू इथे खोकी काय रचतोस!

मी म्हटलं, नको, ते कामात असतात.

कळावे. उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नये. प्रकृतीस जपावे.

आपला,
स्ताथिस, अग्रॉनचा मुलगा