पाच पट्ट्यांचा ॲप्रन

६ एप्रिल, रविवार. स्लायगो, आयर्लंड

काल डब्लिनजवळ चेरीवूडला स्मिताताईंच्या बुटीकचा शो. रेत्सो, म्हणजे शोना लोकांचं लाल-काळं-पांढरं कापड, त्याला मी नऊवारीसारखा काष्टा घातला होता. मुलगी स्टेजवर आली आणि हॉल उठून उभा. स्मि.ताई माइकवर म्हणाल्या, "ही कल्पना मला एकदा पहाटे स्वप्नात सुचली." स्वप्नात! माझ्या किचनमध्ये उसवून उसवून बोटं सोलली, ते कोणाचं स्वप्न?

वर मला हात धरून पुढे ओढलं. "अँड धिस इज माय टेलर फ्रॉम स्लायगो, सो स्वीट!"

टेलर. मी हसले. हसले, याचाच राग जास्त आहे. गाडीत सुहास, नवराच तो, म्हणाला, "जाऊ दे ना." नाही जाऊ देणार.

९ एप्रिल, बुध.

स्मि.ताईंचा फोन, जणू काही झालंच नाही. नवी ऑर्डर. शोमध्ये बसलेली झिम्बाब्वेची एक मुलगी, रुतेंडो. लेटरकेनीला आत्याकडे तिचा रूरा आहे, म्हणजे मुलाकडचे रीतसर मागणी घालायला येतात तो समारंभ. मुलगी शोना, होणारी सासू एन्डेबेले, म्हणजे तिकडच्याच दुसऱ्या समाजाची. म्हणून घागरा रेत्सोचा आणि वर कमरेला पुढे बांधायचा एन्डेबेले मण्यांचा ॲप्रन. ॲप्रनचा फोटो नेटवरून उचललेला. खाली बोटांसारख्या पाच पट्ट्या.

सासूचं नाव ऐकून उडालेच. नोमसा! आमच्या गल्लीतली, हॉस्पिटलमधली नर्स. रेत्सोचं कापड मला पहिल्यांदा दाखवलं तिनेच. पूर्वजांचं कापड, काळ्याशिवाय ते रेत्सोच नाही, हेही तिनेच सांगितलेलं.

"नोमसाला काही बोलू नकोस हं, सरप्राइज आहे," स्मि.ताई.

१३ एप्रिल, रवि.

नोमसाकडे चहा. ऑर्डरचं बोलले नाही, नुसतं विचारलं, ते पाच पट्ट्यांचे ॲप्रन कोण घालतं गं?

ती एकदम खुलली. तिच्या आईचं माहेर दक्षिण आफ्रिकेतल्या एन्डेबेलेंचं. तिकडे लग्नाआधी मुलगी चौकोनी, ताठ ॲप्रन घालते. पाच पट्ट्यांचा लग्न झालेलीचा, आणि तो मुलाकडच्या बायका स्वतः मणी ओवून देतात. तिची आई तसाच एक घेऊन विमानात बसणार आहे. नातसुनेला रूराच्या दिवशी, सगळं ठरल्यावर, स्वतःच्या हाताने बांधायला.

"आणि मुलगी आधीच तो घालून आली तर?"

नोमसा हसली, मग हसायची थांबली. "तर माझी आई काही बोलणार नाही. बॅग उघडणारच नाही."

म्हणजे मांडवात नवरीने आपलं आपणच मंगळसूत्र घालून यायचं आणि सासू तबकात दुसरं धरून उभी.

घरी आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. स्मि.ताईंचं सगळं गिऱ्हाईक हल्ली झिम्बाब्वेचं. तिथे एकदा नाक कापलं गेलं की पुन्हा कुठली स्वप्नं पडतात बघू. मी फक्त गप्प बसायचं. सांगितलंय तेवढंच शिवायचं. टेलर ना मी!

१९ एप्रिल, शनि.

ॲप्रन सुरेख होतोय. मुद्दाम सुरेख करतेय. सुहास म्हणाला, "एवढी खूश का आहेस?" काही नाही म्हटलं.

आज एक संधी दिली, उगाच कोणी म्हणायला नको. फोन करून विचारलं, ताई, याचा अर्थ कुणाला विचारलात का? "अगं वृषाली, अर्थ काय घेऊन बसलीस! कलर पॉप होतोय ना? तू फक्त शिव. डिझाइनचं टेन्शन माझं."

ग्रँड. टेन्शन तुमचं.

२४ एप्रिल, गुरु.

रुतेंडो फिटिंगला आली. येईल एखादी नखरेल, असं धरून चालले होते. कसली काय, भित्री पोर. आई लहानपणीच गेली, आत्या कडक. आरशासमोर उभी राहून तिने पाचही पट्ट्यांवरून हात फिरवला. "आंटी, गोगोला आवडेल ना? मला तिला दाखवायचंय की मला तिचं काही तरी माहीत आहे."

गोगो म्हणजे आजी. तीच, बॅगवाली.

मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या. बरं झालं.

ती गेल्यावर प्रेसमधली, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातली, सगळी भांडी काढून पुन्हा लावली. राग आता नक्की कोणाचा येतोय कळेना. तरी स्मि.ताईंचा आलाच.

२८ एप्रिल, सोम.

चौकोनी ॲप्रन शिवायला घेतला. कोणी सांगितलेला नाही. ताठ कापड, पांढऱ्यावर निळे-हिरवे मणी. शिवता शिवता लक्षात आलं की हा घालून रुतेंडो आली तर गोगो खूश, नोमसा खूश, आणि सगळीकडे डंका स्मि.ताईंचा. बघा, किती अभ्यास, किती समज! पुन्हा माइक, पुन्हा स्वप्न.

पोरीला वाचवायचं म्हणजे स्मि.ताईंना वाचवायचं. हे कसलं...

नोमसाला सरळ सांगावं? मग ती विचारेल, इतके दिवस का गप्प होतीस?

अर्धवट टाकलाय. तसाच पडू दे.

३० एप्रिल, बुध.

पुरा केला. हात स्वस्थ बसत नाहीत, दुसरं काही नाही. पार्सल थेट लेटरकेनीला गेलं, स्मि.ताईंचंच फर्मान. घागरा, पाच पट्ट्यांचा ॲप्रन, आणि तळाशी चौकोनी. चिठ्ठी नाही.

३ मे, शनि.

आज रूरा. आम्हालाही आमंत्रण, नोमसाकडून. सुहास गाडी काढतोय. मी पैठणी नेसून पायरीवर बसलेय.

आत्ताच रुतेंडोचा मेसेज. "आंटी, पिशवीत दोन ॲप्रन आहेत. गोगो बाहेर बसलीय, मला आता बाहेर जायचंय. स्मिता फोन उचलत नाहीये. तिने कोणता म्हटला होता?"

तिने कोणता म्हटला होता, हे तर मला चांगलंच माहीत आहे.

सुहास हॉर्न वाजवतोय. "चौकोनी" एवढंच लिहून ठेवलंय. पुढे "तो माझा आहे" लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. अजून पाठवलेलं नाही.