चार आणि पाच यांच्या मध्ये

३ ऑगस्ट, रविवार
कामरगावच्या गुडघे दुखणाऱ्या मुलामुलींनो! तुमच्या वेदनेला या गावाने आजवर एकच उत्तर दिलं: वाढतं वय आहे, जाईल आपोआप. हा अन्याय आहे!
(सुरुवात जमली. इथे टाळ्यांसाठी थांबावे.)
श्रोते सध्या दोन. नात विशाखा, वय पंधरा, आणि शेजारच्या चांदभाईंची यूसरा. दोघी शाळेच्या खो-खो संघात. दोघींचा उजवा गुडघा वाटीखाली दुखतो. कारंज्याच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी व्यायामाचा कागद दिलाय. उताणं झोपायचं, पाय सरळ वर, पाच आकडे होईपर्यंत धरायचा, मग खाली. दहा वेळा. दुखणं वाढलं तर थांबायचं. २५ तारखेला वाशिमला जिल्हा संघाची निवड आहे.
सून रत्नमाला म्हणाली, मामाजी, मी सकाळी अंगनवाडीत जातो, तुमी फक्त आकडे मोजजा.
फक्त आकडे! तीस वर्षं व्यासपीठ गाजवलेल्या या उकंडरावाने!

४ ऑगस्ट, सकाळी ७
ओसरीत सतरंजी घातली. एप्रिलमध्ये जयंतीला माझ्याऐवजी डीजे ठेवला, त्यानंतरची ही पहिलीच सभा. शिवाय श्रोते पाय वर करून आडवे. उठून जाण्याचा प्रश्नच नाही.
नुसता आकडा मुका असतो. म्हणून चार म्हटल्यावर फ्रेंच राज्यक्रांती सांगितली. थोडक्यात. यूसराचा पाय थरथरू लागला. परिणाम लगेच दिसतो.

७ ऑगस्ट, गुरुवार
यूसराने विचारलं, सर, पाच कवा येते हो? विशाखा खुदकन हसली. मीही हसलो. मग शिस्तीवर दोन शब्द बोललो. पाय वरच होते.
संकल्प: उद्यापासून विवेचन निम्मं.

१० ऑगस्ट, रविवार
यूसरा तीन दिवस आली नाही. तिची आई हुस्नाबानो म्हणाल्या, सर, मीच मोजतो पोळ्या लाटता लाटता. पाच झाले का पाय खाली. आमाले कुठं तुमच्यावानी बोलता येते?
कौतुक मनापासून वाटलं. पण पोळपाटावर क्रांती होत नाही.
विशाखा टिकून आहे. दुखतं का, विचारलं. नाई म्हणाली, ओठ दाबून. निर्धार म्हणतात तो हाच. संकल्पाचं सोमवारपासून बघू.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
शाळेत झेंडावंदन. पांढरा सदरा घालून पहिल्या रांगेत बसलो. बोलायला कुणी बोलावलं नाही. वेळेचा अभाव असणार.
तयार भाषण वाया का घालवा? घरी विशाखाला पाय वर घ्यायला सांगितला, चार म्हटलं आणि सुरू केलं. तिचा पाय दोनदा खाली आला. तिने दोन्ही हात मांडीखाली घालून तो परत वर धरला. शेवटी डोळ्यांत पाणी. इतकं भिडलेलं भाषण कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

१९ ऑगस्ट
विशाखा किंचित लंगडते. रत्नमालाला म्हटलं, हवेचा परिणाम. दहाचे पंधरा केले.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
विशाखाला घेऊन एसटीने कारंजा. मॅडम म्हणाल्या, करून दाखव. तिने पाय वर केला. मॅडमनी पाच मोजले. पाय वरच. मॅडम म्हणाल्या, अगं, झाले पाच.
ती छताकडे बघत म्हणाली, चारनंतर आबाजी बोलतात ना. मले तशीच सवय हाय.
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. 
सहा आठवडे पळणं बंद. वाशिम नाही.
परतताना तिने मला खिडकीजवळ बसवलं.

२५ ऑगस्ट, सोमवार
यूसराची निवड झाली. ती पेढे घेऊन आली. विशाखाने तिला मिठी मारली, अर्धा पेढा खाल्ला, अर्धा माझ्या हातावर ठेवला.
रत्नमाला रागावली असती तर उत्तर तयार होतं. ती रागावली नाही. एवढंच सांगितलं: मामाजी, म्या पोरीले इचारलं, इतकं दुखे तं काऊन नाई सांगतलं? तं म्हने, आई, आबाजीचं आयकाले आता दुसरं कोन हाय?

२ सप्टेंबर, सकाळी ७
नवा कागद. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल, तो दाबून पाच आकडे. बस. सतरंजी घातली आहे. विशाखा आडवी झाली आहे आणि माझ्याकडे बघते आहे.
उकंडराव! आपलं कुणी ऐकत नाही, ही तुझी जुनी तक्रार. हिने ऐकलं.
आता चारनंतर पाच म्हण.