बारीक वाळूची जोडी

प्रिय ठकू,

गेले काही आठवडे मी तुझ्यावर पाळत ठेवून आहे. आईनं मुलीविषयी असं लिहावं हे बरं दिसत नाही, पण मनात आलं ते आलं. रागावू नकोस, शेवटपर्यंत वाच.

मी बालवर्गाला शिकवणं सोडलं तेव्हा तूच म्हणालीस, “आई, घरी बसून माझ्या संसारात लुडबुड करण्यापेक्षा माझ्या कारखान्यात ये आणि खेळणी घडव.” आवाजाच्या डब्या मी सुचवल्या. बाहेरून सगळ्या सारख्या, लाकडी. दोन-दोन डब्यांत एकच जिन्नस, आणि मुलानं त्या हलवून नुसत्या कानानं जोड्या लावायच्या. तुझी पद्धत अशी की प्रत्येक निर्णयाला फायलीत एक पान: काय ठरलं, का ठरलं, कुणी सुचवलं. कारण नसलेला निर्णय म्हणजे हट्ट, असं तू सगळ्यांना ऐकवतेस. डब्यांचं कारण विचारलंस तेव्हा मी माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांची गोष्ट सांगितली. त्या वर्गात शिरण्याआधी त्यांच्या कमरेच्या जपमाळेचे मणी वाजायचे, आणि आम्ही वात्रट मुली क्षणात वह्यांत डोकी घालायचो. तू हसत हसत पानावर लिहिलंस, “कारण: सिस्टरांची जपमाळ.” किती छान दिवस होते ते.

आणि मग तुम्ही सगळे कुजबुजायला लागलात. सुतारकाका पूर्वी “बाई, तुमच्या डब्यांनी माझं डोकं वाजायला लागलंय” असं कारखानाभर ऐकू जाईल असं बोलायचे. ते आता तोंडातल्या तोंडात पुटपुटतात. तू फोन आला की खिडकीकडे तोंड करतेस. जिन्यात तुम्ही दोघं बोलत उभे असता, आणि मी जवळ आले तरी तेच, नुसती कुजबुज. मी मनाशी म्हटलं, झालं, म्हातारीकडून हवं ते घेऊन झालं, आता तिला गोडीगोडीत घरी बसवायचा बेत आहे. तू माझ्या ताटात भाजी जास्त वाढलीस तरी मला त्यात काहीतरी दिसायचं.

मग मुलांना जमतंय का ते बघायला आपण एका बालवाडीत डब्या घेऊन गेलो. बारीक वाळूची डबी मी हलवली तर आवाजच नाही. समोरच्या दोन शेंड्यांच्या मुलीला मी म्हटलं, ही रिकामी आहे गं, ठेव बाजूला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिचा खाऊ लपवला. तिनं ती डबी घेतली, कानाशी धरली आणि बरोबर जोडीच्या डबीशेजारी नेऊन ठेवली. तू लगेच सगळं आवरायला घेतलंस. माझा संशय सुतारकाकांवर. म्हटलं, डिंक आत सांडून वाळू चिकटली असणार, आणि मुलगी नशिबानं जिंकली. पण सोमवारी फायलीत तुझ्या अक्षरातलं पान दिसलं: “बारीक वाळूची जोडी रद्द. कारण: खर्च.” वाळूला कसला गं खर्च? मला न विचारता, माझ्याच डब्यांतली सगळ्यांत नाजूक जोडी तू काढून टाकलीस. त्या दिवशी मी तुझ्याशी धड बोलले नाही, ते तुला कळलं असेलच.

आज दुपारी तू छापखान्यात गेलीस तेव्हा मी ती डबी पेचकसानं उघडली. चोरी पकडायच्या तयारीनंच बसले होते. वाळू कोरडी होती, मोकळी, बोटांतून सरसर गळणारी. झाकण लावून उजव्या कानाशी हलवली, मग डाव्या. वाळू आपटलेली तळहाताला कळत होती, कानाला नाही. मग खड्यांची डबी हलवली, ती खणखणीत ऐकू आली. मान वर केली तर सुतारकाका दारात, ओठ हलताहेत. त्यांना जवळ बोलावलं. ते कानाशी येऊन म्हणाले, “अहो बाई, चहा घेता का म्हणून कधीचा विचारतोय. आता गार झाला तो.”

कुणीच कुजबुजत नव्हतं, ठकू.

तुला हे बालवाडीतच कळलं होतं. उद्या शाळेत मुख्याध्यापिका आणि मुलांसमोर डब्या मीच दाखवणार होते, तिथं माझी फजिती होऊ नये म्हणून तू जोडी काढलीस आणि फायलीत पहिल्यांदा खोटं लिहिलंस. तुझ्याशी हे तोंडी बोलायला गेले असते तर “काही नाही गं आई” म्हणाली असतीस, आणि तेही मला अर्धवटच ऐकू आलं असतं. म्हणून हे पत्र उशीजवळ ठेवतेय. सकाळी निघण्याआधी ते पान बदल. जोडी परत घे. कारण लिही, मुलांना ऐकू येते. सुचवणारीला येत नाही, हेही लिही, लाजू नकोस. डब्या तू दाखव, मी पहिल्या रांगेत बसून मुलांचे चेहरे बघेन. आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ घे, पण मला एकटीला पाठवू नकोस. ते काय म्हणाले ते तू मला सांगायचंस, माझ्याकडे तोंड करून, सावकाश.

तुझीच, संशयी आणि आता जरा घाबरलेली,
आई